डाव्या खांद्याची

निवडणूक संपली, आचारसंहिता उठली
तेव्हा जेलरोड ठाण्यातून बंदूक परत आणायला गेले.
हवालदार हत्तुरे यांनी पावतीवरचा नंबर वाचला, मग नळीखालचा.
"बघून घ्या बाई, मागनं गंज लागला म्हणू नका."

खटका सारला, नळ्या झुकवल्या,
खिडकीच्या उजेडाकडं धरल्या.
दोन चकचकीत वर्तुळं. उजव्यात दोन-तीन डाग,
ते आधीपासूनचे.

बाहेरून मात्र नळ्यांना वीण आहे.
लोखंडाची नि पोलादाची पट्टी एकत्र पिळून, तापवून, ठोकून
बर्मिंगहॅमच्या कुणा लोहारानं असे शेवाळी भोवरे काढलेत
की तीस वर्षं जकार्डचे आलेख काढलेली मी
पहिल्यांदा भिंगाखाली धरून
रिपीट शोधत बसले.
सापडतंय म्हणेपर्यंत हातोडी जरा चुकलेली असते.

नळ्यांच्या पोटावर ठसे: मुकुट, खाली अक्षरं,
चौकटीत बारा, आणि एक ओळ
जिचा अर्थ लावायला माझा आख्खा उन्हाळा गेला.
ही गोळीसाठी नाही. नुसत्या छऱ्यांची.
म्हणजे अरमाड साहेबानं हिच्या एका गोळीत
कुंभारीच्या माळावर लोळवलेला आमच्या घरातला बिबट्या
त्या दुपारी खरा मेला.

साहेबाचं नाव ऑर्मरॉड. मिलमध्ये विव्हिंग मास्तर.
सत्तेचाळीस साली बोटीत बसायच्या आधी
त्यानं ही नायनांना बक्षीस दिली, असं आई सांगायची.
पत्र्याच्या पेटीत तळाशी कागद निघाला:
साठ रुपये, पाच हप्ते, पगारातून वजा.
मला बरंच वाटलं.

आणि नान्नज. माझ्या जन्माआधीची गोष्ट.
चाळीस पावलांवर माळढोक,
मान ताठ, गावच्या पाटलासारखा उभा,
आणि नायनांचे दोन्ही बार गवतात.
पक्षी उडालासुद्धा नाही. चालत गेला.
तेव्हापासून पेठेत ते "फुसका बार नरसय्या".
तेही हसायचे सगळ्यांबरोबर.
पण पुन्हा खांद्याला लावली नाही कधी.
दसऱ्याला तेल, हळदकुंकू, परत पेटी.

बर्मिंगहॅमच्या दफ्तरखान्यातून मार्चमध्ये उत्तर आलं.
कंपनी कधीच बुडाली, वह्या उरल्यात, बऱ्याचशा भिजलेल्या.
आमच्या नंबरपुढं एकच ओळ:
बारा बोअर, तीस इंची नळ्या,
दस्ता डाव्या खांद्यासाठी वळवलेला.
गिऱ्हाइकाच्या नावावर पाण्याचा डाग.

हे मी मार्चमध्ये वाचलं होतं, पण बंदूक तेव्हा ठाण्यात जमा.
आता मिटली. आणि ज्या हातावर
चौथीतल्या बाईंनी पट्ट्या मोडल्या त्या हातानं उचलून
डाव्या खांद्याला लावली.
गाल आपोआप दस्त्यावर आला.
नळ्यांमधली पट्टी, टोकाचा मणी,
भिंतीवरच्या घड्याळातला सहाचा आकडा,
सगळं एका रेघेत.
मी काहीच केलं नव्हतं. कुणीतरी माझं माप
मी जन्मायच्या पाऊणशे वर्षं आधी घेऊन ठेवलेलं.

"लागतीय की सरळ," हत्तुरे म्हणाले.
मग स्वतः घेतली, उजव्या खांद्याला लावली,
मान वाकडी करून बघितली.
"छ्या. बाजूला फेकतीय ही."

फेकतीय.
चौऱ्याऐंशी साली गेलेल्या माणसाला
हे कुठल्या पत्त्यावर कळवायचं?
आणि त्या माळढोकाला?

रजिस्टरमध्ये सही केली. शाई ओली होती,
तळहात नेहमीसारखा माझ्याच नावावरून फिरला.
जुन्या चादरीत गुंडाळून बाहेर आले.

"अशोक चौक."
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "तंबोरा का, मावशी?"
"हो."
"बिघडलाय?"
"नाही," म्हटलं. "डावरा आहे."